विनीताईचा तीन मजली केक

मु. पो. गाडीतच, जून अखेर

प्रिय विनीताईस,

वाकून नमस्कार (गुडघा जेवढं वाकू देतो तेवढाच). तुझी कंबर कशी आहे? गोळ्या वेळेवर घेतेस, की डॉक्टरवर रागावून खिडकीतल्या कुंडीत टाकतेस? मी ठणठणीत आहे. माझी कॅम्परव्हॅनही आता बरी आहे. ‘आता’ हा शब्द वाचून लगेच भुवई उंचावू नकोस, सगळं क्रमाने सांगतो.

तू जे बजावलं होतंस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. “जोलीनच्या लग्नाला मी येणार नाही. जिथं महिनाभर सूर्य तोंड दाखवत नाही तिथं जन्म काढायचं तिला सुचलंय, तर काढू दे. पण माझ्या लेकीच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या हातचा केक कापायचा नाही. हा इनुविकला पोचव. निरोप काही नाही.” एवढं बोलून तू दार लावलंस, आणि लगेच पुन्हा उघडून “हळू चालव रे” म्हणालीस. तुझा राग हा असा, दार लावून न राहणारा. तर तुझा तीन मजली केक, आपल्या व्हाइटहॉर्सपासून इनुविकपर्यंतचे बाराशे किलोमीटर (त्यातले शेवटचे साडेसातशे नुसती खडी), आणि मी. तिन्ही मजले तीन खोक्यांत घालून माझ्या पलंगावर निजवले, वरून पट्टे बांधले, खाली माझी दोन्ही पांघरुणं घातली. मी स्वतः खाली चटईवर झोपलो. आपल्या आईने तुला तरी इतकं जपलं होतं का, मला शंका आहे.

टूमस्टोनचे डोंगर ओलांडेपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग माझी बुद्धी फिरली आणि आयसिंगला तडा गेलाय का ते बघायला मी गाडी कडेला घेतली. ताई, या रस्त्यावर मी सव्वीस वर्षं ग्रेडर फिरवून खडी सपाट केली. थांबलेल्या गाडीपाशी न थांबता जो पुढे जाईल, त्याला मी चारचौघांत नावं ठेवली आहेत. मग माझ्यापाशी कुणी थांबलं तर तक्रार कोणत्या तोंडाने करू? पहिले आले डॉसन गावचे ऑर्विल आणि बर्निस, नवराबायको. काय बिघडलं, म्हणून विचारलं. म्हटलं, काही नाही. “काही नाही म्हणणाऱ्याचंच सगळ्यात जास्त बिघडलेलं असतं,” बर्निस म्हणाली, आणि तोवर तिचा नवरा माझ्या गाडीखाली शिरलासुद्धा. खरंच काही बिघडलेलं नाही हे दाखवायला मी (हसू नकोस) बॉनेट उघडलं.

सव्वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने ही चूक करावी! उघडं बॉनेट दोन मैलांवरून दिसतं. अर्ध्या तासात पाच गाड्या जमल्या. एकाने तेलावर तेल ओतलं. एकाने जे सैल असायला हवं ते आवळलं, दुसऱ्याने जे आवळलेलं हवं ते सैल केलं. ऑर्विलने माझा चांगला टायर काढून जास्तीचा चढवला, कारण चांगला टायर त्याला “मनातून खचलेला” वाटत होता. मग सगळ्यांच्या आग्रहाखातर मी किल्ली फिरवली. गाडीने हूं की चूं केलं नाही. सगळ्यांचे चेहरे उजळले. “बघ, आम्ही काय म्हणत होतो?”

आता, मदतीला थांबलेल्याला चहा आणि चहाबरोबर काहीतरी द्यायचं, हे तुला मी सांगायला नको. बिस्किटं पहिल्याच फेरीत संपली. बर्निस साखर शोधायला आत गेली आणि तिला खोकी दिसली. हा माझ्या भाचीच्या लग्नाचा केक आहे, असं मी सांगताच सगळ्यांनी हात मागे घेतले. कुणी मागितला असता तर मी नाही म्हणू शकलो असतो गं! पण ऑर्विल, डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेला, म्हणाला, “नको नको, आम्ही नुसता वास घेतो,” आणि डोळे मिटून खरंच वास घेऊ लागला. हे माझ्याने बघवेना. ताई, मी वरचा मजला कापला. मधला दुसऱ्या दिवशी गेला. त्या दिवशी आलेल्या माणसांनी गाडी खरोखर दुरुस्त केली, म्हणजे पहिल्यांनी जे जे केलं होतं ते ते उलटं केलं. त्यांना काय सुका चहा द्यायचा? आणि लग्नाचा केक खाल्लेल्या माणसाला लग्नाला बोलवायचं नाही, हे काही मला बरं दिसेना. म्हणून ज्याला ज्याला तुकडा दिला त्याला त्याला आमंत्रणही दिलं. येतंय कोण एवढ्या लांब, असं वाटलं होतं.

पील नदीपार गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर दोर सांभाळणारा जो उंच माणूस, तोच आपला होणारा जावई एल्विन. (तू फोटोसुद्धा बघितला नाहीस, म्हणून सांगतो. कान मोठे आहेत, पण शोभतात.) तो म्हणाला, “मामा, जोलीन म्हणाली होती तीन खोकी असतील.” मी खरं ते सांगून टाकलं. तो विचारात पडला. बोट पलीकडे लागली तरी त्याचा विचार चालूच. मग म्हणाला, “खालचा मजला आहे ना? मग केक आहे.” आणि माझ्याकडे न बघता, “आईंचा काही निरोप?” मी म्हटलं, नाही. त्याने मान हलवली आणि दोर बांधायला वळला. त्या क्षणी मला तुझा राग आला, विनीताई, आणि तुझी आठवणही आली, दोन्ही एकदम.

लग्न छान झालं. न बोलावलेले, म्हणजे मी बोलावलेले, एकोणीस जण आले. एकही रिकाम्या हाताने आला नाही. धुरी दिलेले मासे, कॅरिबू हरणाचं मांस, रुबार्बच्या आंबट देठांचे गोड पाई, टेबलं पुरेनात. व्हायोलिनच्या सुरांवर नाचता नाचता बर्निसचा एक बूट उडून ढोलवाल्यांत जाऊन पडला. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची मांडलेली होती. जोलीनने केकचा उरलेला मजला उचलून त्या खुर्चीवर ठेवला. ऑर्विल त्यावर बसणारच होता, पण एल्विनच्या आजीने पट्ट्याला धरून त्याला मागे ओढलं. शेवटी कुणीतरी सुरी आणली, तर जोलीन हनुवटी वर करून म्हणाली, “ठेव ती. जिने केला ती कापेल.” हुबेहूब तू. मला उगाच नाक शिंकरायला बाहेर जावं लागलं.

बाकी क्षेम. केकचा जाब मी समक्ष द्यायला तयार आहे.

तुझा आज्ञाधारक (तीनपैकी एका मजल्यापुरता) भाऊ,
हेडली

ता. क. एक खोटं बोललोय. एल्विनला निरोप नाही म्हटलं, पण जोलीनसमोर तोंडातून ते निघेना. मी तिला सांगितलं की आयसिंग करताना तू तीनदा डोळे पुसलेस. मी काही बघितलं नव्हतं. चुकीचं असेल तर सांग, माफी मागेन. तीनऐवजी जास्त असेल तरी सांग.

पुन्हा ता. क. पाकिटावर तिकीट नाही हे तू बघितलंच असशील. या शेवटच्या ओळी तुझ्या फाटकासमोर, स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहितोय. लिहून झाल्या की दाराच्या फटीतून पत्र सरकवेन आणि गाडीत येऊन बसेन. तुझ्यासमोर उभं राहून हे सगळं बोलायची माझी छाती नाही.

शेवटचं. गाडीत मी एकटा नाही. मागे जावई उरलेल्या मजल्याचं खोकं मांडीवर घेऊन बसलाय. दोन दिवस त्याने ते खाली ठेवलेलं नाही. पुढे माझ्या शेजारी जोलीन आहे. आईचं वाचून होईपर्यंत मी उतरणार नाही, असं म्हणते. तुझं आता वाचून झालंय, ताई. बाहेर ये. ती मघापासून गाडीच्या दारावर हात ठेवून बसली आहे.