फोलाकेच्या निळ्या कापडाची व्यवस्था

मी, शोभना श्रीपाद खासनीस, वय एकाहत्तर, राहणार गेर्लिंगेन, जर्मनी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना, चष्मा पुसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. टाईप केलेले इथल्या कायद्याला चालत नाही. साक्षीदार लागत नाहीत म्हणे, पण त्यांच्यावाचून मला चैन पडणार नाही.

एक. घर व बँकेतील शिल्लक चिरंजीव सिद्धांत यास. कढीपत्त्याची कुंडी त्याने थंडीत आत घ्यावी; सांगितल्याशिवाय त्याला सुचत नाही.

दोन. शिवणयंत्र नात अन्वी हिला. उत्तरे जर्मनमध्ये देते, पण टीप सरळ घालते.

तीन. निळे कापड. अन्वीच्या बारशासाठी ते माझी मैत्रीण फोलाके हिने माझ्याच स्वयंपाकघरात केले. ती नायजेरियातल्या अबेओकुटाची. तिकडे बायका कसावा नावाच्या कंदाच्या पिठाची खळ करून पिसाने नक्षी काढतात आणि कापड निळीत बुडवतात. खळीखाली पांढरे राहते. ही नक्षी तिच्या आईने रचलेली. पीठ संपले म्हणून मी उपासाचा साबुदाणा दिला, तोही कसावाचाच. तो अर्धवट शिजला आणि नक्षीत पांढरे ठिपके उठले. फोलाके पोट धरधरून हसली. मग त्याच कापडाने तिने अन्वीला माझ्या पाठीशी बांधले. तेवढे सुख मला क्वचितच मिळाले.

चार. सूनबाई नंदिनी एका फॅशन कंपनीत आहे. एकदा ती हे कापड ओढणीसारखे घेऊन कामावर गेली, तिथे कोणी फोटो काढला. पुढच्या उन्हाळ्यात तीच नक्षी पॉलिएस्टरवर छापून दुकानात आली, नाव 'सफारी समर'. तिचे साहेब म्हणाले, "ही आफ्रिकेची प्रेरणा, कोणा एकीची नाही." अहो, मग त्या प्रेरणेत माझे साबुदाणे कसे? ठिपका न् ठिपका तोच! फोलाके दुकानाच्या काचेसमोर उभी राहून इथल्या सवयीने एवढेच म्हणाली, "आल्झो, म्हणजे मग आईचं नाव कुठे लिहिलंय?" म्हणून इथे लिहिते: नक्षी फोलाकेच्या आई आदुन्नी यांची. कंपनीने भेट पाठवलेल्या स्कार्फचे मी पायपुसणे केले आहे. ते दाराशीच राहावे.

पाच. तीच कंपनी आता मूळ कापड प्रदर्शनाला मागते आहे. सिद्धांत म्हणतो, "आई, देऊन टाक, तेवढाच मान." देऊ नये.

सहा. नंदिनी तेव्हापासून फोलाकेच्या नजरेला नजर देत नाही. पोरी, तू हौसेने मिरवलंस, चोरलं नाहीस. मला राग आला होता, आता नाही.

सात. मला पांढऱ्या चादरीत नेऊ नये, या कापडात न्यावे. दहनाआधी मात्र ते काढून घ्यावे, ते फोलाकेचे. दिलेले परत घेत नाही म्हणेल, हट्टी आहे. नंदिनी, वाद घालू नकोस. तिच्याकडे बघ आणि तुझ्या हाताने तिच्या खांद्यावर पांघर. ती रडली तर धरून ठेव. मग मला खुशाल जाऊ द्या.

लिहिलेले वाचून पाहिले, मनाजोगते आहे.

सही: शोभना श्रीपाद खासनीस
साक्षीदार: १. वसुधा केळुसकर, शेजारीण २. रुपेश दांडेकर, सिद्धांतचा मित्र
गेर्लिंगेन, ९ नोव्हेंबर २०१७