भंडारदऱ्याला कोण कोण

५ जानेवारी, सोमवार

झालं एकदाचं! सव्वीस जानेवारीची जोडून सुट्टी, भंडारदरा, अगदी पाण्याला लागून कॅम्प. दोन तंबू — एक माझा, एक ऋतुराजचा. कॅम्पवाले पोपटदादा फोनवर म्हणाले, "ताई, एका तंबूत दोन माणसं आरामात मावत्यात." म्हटलं, तंबूत मावतील हो, आमच्या घरच्यांच्या डोक्यात नाही मावणार.

साखरपुडा होऊन दोन महिने झाले आणि आम्ही दोघंच असे एकदाही भेटलेलो नाही. पोह्यांच्या दिवशी दाराशी त्याची बहीण. अंगठी घेताना दोन्हीकडच्या आया. आणि मला त्याला एकच गोष्ट विचारायची आहे. समोर बसून, तोंडाकडे बघत — लग्नानंतर माझी आई आपल्याजवळ राहणार ना?

बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. ही अट मी प्रत्येक स्थळाला पहिल्याच दिवशी सांगितली. त्यावरून तीन स्थळं परत गेली. ऋतुराजकडचे मात्र "हो हो, त्यात काय" म्हणाले. पण परवा साडीच्या दुकानात त्याची आई माझ्या आईबद्दल सहज बोलल्यासारखी बोलून गेली, "विनिताताईंना आता तुझ्याशिवाय राहायची सवय करायला हवी." ऋतुराज शेजारीच उभा. साडीचे काठ बघत होता! रात्री फोनवर विचारलं तर म्हणे, "बघू गं, आईला विचारून सांगतो."

६ जानेवारी

आईला सांगितलं. पहिला प्रश्न — "बरोबर कोण?"

कोणी नाही.

"लग्नाआधी? अगं, लोक काय म्हणतील?" कोण लोक? समोरच्या काकूंना तर आपल्या घराची बेलसुद्धा ऐकू येत नाही! तासभर वाद घातला. शेवटी तडजोड — चुलतबहीण स्वप्ना आणि तिचा नवरा सोबत येणार. ठीक आहे. ती दोघं स्वतःचे फोटो काढत बसतील. मला तळ्याकाठी अर्धा तास मिळाला तरी पुरे.

९ जानेवारी, शुक्रवार

ऋतुराजने घरी सांगितलं. सांगायचीच चूक झाली!

"तुमच्याकडून दोघं येतायत तर आमच्याकडूनही कोणीतरी हवं ना, असं आई म्हणाली." म्हणून कल्पिता, म्हणजे त्याची बहीण. मग तिचा नवरा आणि मुलगीही आलीच. "आणि अगं, आईलाही तळं बघायचंय."

"तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? आई आहे ती. अॅडजस्ट कर ना थोडं."

११ जानेवारी

त्याच्या आईचा फोन. आंघोळीला गरम पाणी आहे का? कमोड आहे का? थंडीत गुडघे धरतात, खाली गादी जाड आहे का? आणि, "रसिका, तंबूला आतून कडी असते ना गं?"

तंबूला कडी!

त्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणणार आहेत, चिवडा, शेगडी, चहाचं सामान. शेवटी म्हणाल्या, "निवांत बसून आमंत्रणाच्या याद्याही उरकून टाकू." हो ना. आमंत्रणं तरी कोणाला पाठवायची, सगळे तिथेच असणार.

पोपटदादांना पुन्हा फोन केला, तंबू वाढवा म्हणून. ते म्हणाले, "ताई, तंबू लावायचे का मांडव घालायचा?"

१४ जानेवारी, संक्रांत

ठाण्याहून सगळी मंडळी आमच्याकडे डोंबिवलीत, तिळगूळ घेऊन. आता टेम्पो ट्रॅव्हलर ठरलाय. तो आधी माजिवड्याला त्यांना घेणार की आधी इकडे येणार, यावर अर्धी दुपार गेली. मग पुढच्या सीटवर कोण, कारण त्याच्या आईला मागे बसलं की मळमळतं. माझ्या आईलाही मळमळतं! पण ती बोलली नाही. "मी कुठेही बसेन," म्हणाली. हल्ली ती प्रत्येक गोष्टीला असंच म्हणते. त्याचा वेगळाच राग येतो.

ऋतुराजला खुणेने गॅलरीत बोलावलं. आला! "अरे, आईच्या राहण्याचं —" एवढं बोलते न बोलते तोच मागून कल्पिता लाडवांची वाटी घेऊन हजर. गोड बोला म्हणे. दोन मिनिटं बोलू तर द्या!

१७ जानेवारी, शनिवार

आईला आता आपल्याकडूनही एक वडीलधारं माणूस हवंय. म्हणून चिपळूणला प्रशांतमामाला फोन केला.

मामा म्हणाला, "नाही गं जमायचं. त्याच दिवसांत रंगारी येतायत. ताईची खोली मेमध्ये तुझ्या लग्नाआधी तयार व्हायला हवी ना."

कोणत्या ताईची?

मामाला एकच बहीण आहे. माझी आई.

मामा म्हणाला, "अगं, मला वाटलं तुमचं बोलणं झालंय. तू तिलाच विचार." आणि ठेवला फोन.

आई भाजी आणायला गेली होती. मी आधी ऋतुराजला फोन लावला. माहीत होतं तुला?

"हो... साखरपुड्याआधीच ठरलेलं ना. तुझ्या आई एकट्या आलेल्या आमच्याकडे. म्हणाल्या, मी चिपळूणला जाईन, लग्न मोडू नका. मला वाटलं तुला माहितेय."

मग "बघू" का म्हणालास?

"आई म्हणाली, लग्न होईपर्यंत तुझ्याजवळ विषय नको."

मला माहीत आहे असंही वाटलं, आणि माझ्याजवळ विषयही नको. एका दमात दोन्ही. त्याचं त्यालाही कळलं असावं.

१८ जानेवारी

आई वाल सोलत होती. मी खूप ओरडले. समोरच्या काकूंनाही ऐकू गेलं असेल.

ती म्हणाली, "माझ्यापायी तीन स्थळं गेली. हा मुलगा तुला आवडला. पोह्यांच्या दिवशी त्याच्याशी बोलून बाहेर आलीस तेव्हा हसत होतीस. किती दिवसांनी हसलीस."

म्हटलं, पण मला विचारायचंस तरी!

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस." मग खाली बघतच, "चिपळूण काय वाईट आहे?"

रडू आलं. तिचा राग आला, त्याचा आला, त्या दिवशी हसले त्याचाही आला. मग तिच्याजवळ बसून उरलेले वाल सोलले. ती आत हात धुवायला गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

१९ जानेवारी

टेम्पो ट्रॅव्हलर रद्द. पोपटदादांना फोन केला — एकच तंबू.

"कोण कोण, ताई?"

मी आणि माझी आई.

"मग मावताय आरामात."

घोटीपर्यंत एसटी, पुढे ते जीप पाठवणार. आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "बरोबर कोण?"

कोणी नाही. या वेळी तिने वाद घातला नाही. स्वेटर शोधायला गेली.

२१ जानेवारी, बुधवार

ऋतुराजचा फोन. म्हटलं, लग्नाचं काय ते परत आल्यावर बोलू. मग म्हणाला, "मी येऊ का? एकटाच?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने स्वतःहून काही विचारलं.

म्हटलं, "आईला विचारून सांगते."