बारा सतराची कुंडली

ता. ६ मार्च

ती. दादास,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

खारू घर सोडून गेली, त्याला आज नऊ दिवस झाले. आधी कळवलं नाही, कारण रोज वाटायचं, संध्याकाळपर्यंत येईल. पोर पंचवीस वर्षांची झाली तरी दारातल्या चपला मोजायची माझी सवय सुटलेली नाही.

भांडणाची सुरुवात तुला ठाऊक आहे. बंदरावरच्या चष्म्याच्या कारखान्याने तिला भिंगं घासायच्या विभागाची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. मी तुला प्रश्न टाकला, की तिथे तिचं भलं होईल का, आणि तू कुंडली मांडून कळवलंस की योग नाही, थांबावं. ते पत्र मी तिच्या ताटाशेजारी ठेवलं. तिने वाचून नीट घडी घातली आणि विचारलं, की मामाला हे विचारायला कोणी सांगितलं होतं. मी म्हटलं, मी आई आहे. त्यावर ती जेवायला लागली, म्हणून मला वाटलं, पटलं.

पुढचं तुला लिहिलं नव्हतं, ते आता लिहिते. मी तिच्या नावाने कारखान्याला नकार कळवून टाकला. आठ दिवसांनी त्यांचं उत्तर आलं, ते नेमकं तिच्या हातात पडलं. त्याच दुपारी एक पिशवी घेऊन ती गेली. मैत्रिणींकडे नाही, कारखान्यातही पोचलेली नाही.

तेव्हा आता रीतसर प्रश्न विचारते. माझी मुलगी सुखरूप आहे का आणि ती परत येईल का? बाबांच्या शिस्तीप्रमाणे पत्र वाचून प्रश्न कळेल ती वेळ टिपून ठेव आणि त्याच वेळेची कुंडली मांड. तुझा पोस्टमन बारा वाजल्याशिवाय उगवत नाही, हे माहीत आहे, पण वाचायला जेवण होईपर्यंत थांबू नकोस. माझा जीव टांगणीला लागलाय.

लोभ आहेच, फक्त या खेपेला तो जरा घाईने पाठव.

तुझी,
बेबी


ता. १० मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज बारा वाजून सतरा मिनिटांनी वाचून झालं. दुकानातल्या तीन घड्याळांवर वेळ ताडून घेतली. चौथं बाबांचं, ते हल्ली माझ्यासारखंच मागे पडतं, म्हणून त्याला विचारलं नाही.

लग्न वृषभ, चंद्र सप्तमात. खारू सुखरूप आहे, ही खूणगाठ बांध. एका वडीलधाऱ्या माणसाच्या छपराखाली आहे आणि दोन्ही वेळा जेवते आहे. मध्यंतरी खोकला झाला होता, तो आता उतारावर आहे. रागावलेली आहे, पण तुझ्या गुडघ्याचीही काळजी तिच्या मनात आहे, जिना कोण पुसत असेल वगैरे. शोधाशोध थांबव आणि पोलिसांकडे जाऊ नकोस. परत येईल का, याबद्दल मात्र कुंडली काही बोलत नाही.

मागच्या वेळी उत्तर द्यायला मी फार घाई केली, असं आता वाटतं. नकाराचं तर तू करायलाच नको होतंस. तू अन्नावर राग काढत असशील. तसं करू नकोस, तुझं पित्त मला माहीत आहे.

धाकट्यांनी मोठ्यांवर लोभ ठेवावा, अशी माझी जुनीच मागणी आहे.

तुझा,
दादा


ता. १५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग पोटभर जेवले आणि मग माळ्यावरून जुनी पाटी काढली. बाबा आपल्या दोघांनाही कुंडल्या मांडायला बसवायचे, हे तू विसरलास वाटतं. तुझं गणित पक्कं आणि माझं कच्चं, पण दोन दुपारी खपून मी तुझी बारा सतराची कुंडली मांडली.

दादा, वृषभ लग्न खरं, पण त्याचा अगदी शेवटचा अंश. दोन मिनिटांत मिथुन लागते. एक रास संपतेय, दुसरी उगवतेय, अशा संधीतल्या कुंडलीवर तोंड उघडायचं नाही, हा बाबांचा पहिला धडा. हरवलेल्या अंगठीसाठी आलेल्या हेडमास्तरांना तू याच कारणावरून दोनदा परत पाठवलं होतंस. शिवाय चंद्र सप्तमात आहे, पण वृश्चिकेत, नीच राशीचा, म्हणजे अगदी दुबळा. त्यात तुला सुखरूप मुलगी कुठे दिसली?

तू चुकला असशील, असं मला क्षणभरही वाटलं नाही. चाळीस वर्षांत तू लग्नाचे अंश न बघता उत्तर दिलेलं नाहीस. आणि खोकला उतारावर असल्याचं सांगणारा ग्रह बाबांनी तरी मला शिकवला नव्हता. हे उत्तर तू आकाशात बघून दिलेलं नाहीस, तुझ्या स्वयंपाकघरात बघून दिलंस. खारू तुझ्याकडे आहे.

तुझा भयंकर राग आला. माझी झोप उडालेली असताना तू मला ग्रह सांगत बसलास. खरं सांगायचं तर, त्या खोट्या कुंडलीनेच मला पहिल्यांदा झोप लागली. पण सगळ्यात जास्त हे लागलं, की ज्याच्या पत्राने तिची वाट अडवली त्याच्याकडे ती गेली आणि माझ्यापासून पळाली.

सोबतचा दुसरा कागद तिला दे. तू वाचू नकोस म्हटलं तरी वाचशील, म्हणून उघडाच ठेवलाय.

राग आहे तोवर लोभही आहे, असं समज.

तुझी,
बेबी

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझ्याबद्दल मी दोनदा प्रश्न विचारला आणि दोन्ही वेळा मामाला विचारला. तुला एकदाही विचारलं नाही. तो नकार तुझा नव्हता, माझा होता, असं कारखान्याला कालच कळवलं आहे. उपयोग होईल की नाही, ठाऊक नाही. चुकले मी, बाळा.

आता तुला विचारते. मी तुला भेटू का? नाही म्हणालीस तरी तसं कळव. जिना मीच पुसते, पण कोपरे राहतात.

आई


ता. २० मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ.

पकडलंस. घर सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी खारू माझ्या दारात उभी होती. आत यायच्या आधी तिने एकच विचारलं, की तिचा प्रश्न तिच्याशिवाय मी घेतलाच कसा. ज्याचा प्रश्न त्यानेच विचारावा, हाही बाबांचाच धडा. तू आई म्हणून विचारलंस आणि मी भाऊ म्हणून उत्तर दिलं, त्यात तिला कोणी धरलंच नाही. तुला कळवणार नाही, असं वचन घेऊनच तिने पिशवी खाली ठेवली. ते मोडवेना आणि तुझं पत्र वाचून गप्पही राहवेना, म्हणून जन्मात पहिल्यांदा खोटी कुंडली सांगितली.

तुझा कागद तिने माझ्यासमोर वाचला नाही. न्हाणीघरात घेऊन गेली आणि आत बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. बोलली मात्र कामाचंच. इथे आल्याआल्या तिनेही कारखान्याला लिहिलं होतं. प्रमुखाची जागा भरली, साधी घासकारीण म्हणून ये, असं त्यांचं उत्तर आलंय. तिने होकार दिला. चार वर्षं वाट पाहून मिळालेली जागा गेली, बेबी, ती आपण दोघांनी घालवली.

एकोणतीस तारखेला, सोमवारी ती निघते. तिची बस सकाळी दहाला तुमच्या स्टँडवर वीस मिनिटं थांबते. ती घरी येणार नाही, खालीही उतरणार नाही. डाव्या बाजूच्या खिडकीत बसलेली असेल, आईला यायचं तर येऊ दे, एवढंच म्हणाली. स्टँड लांब आहे आणि तुझा गुडघा कसा आहे, ते मला ठाऊक आहे.

तुझं पत्र या वेळी किती वाजता हातात पडलं, ते मी बघितलं नाही. पण तू जाशील की नाही, हे पाहायला काल पाटी पुढ्यात घेतली होती. मग पुसून ठेवली. तुलाच विचारतो. जाशील ना?

लोभ मागायचा हक्क या खेपेला माझा नाही, तरी असू दे.

तुझा,
दादा