निर्भीड अभिराम आणि न उडणारा ड्रॅगन

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
सीमोल्लंघनाचा दिवस. संकल्प केला. उद्या 'तेजोवन'चा चौथा सीझन सुरू. दर शुक्रवारी एक भाग, एकूण आठ. प्रत्येक भागाचं परीक्षण माझ्या 'निर्भीड अभिराम' चॅनेलवर. कोणाची भीड नाही, मुर्वत नाही. रबाळ्याच्या कंपनीत मी दिवसभर बाटल्यांची झाकणं रिजेक्ट करतो. क्वालिटी कंट्रोल. वाईट ते ओळखणं हा माझा पेशाच. झाकणांवरच थांबलो असतो, तर देशाचं नुकसान झालं असतं.

गीतांजलीनं विचारलं, कार्टूनच ना ते? समजावलं की ही अ‍ॅनिमेटेड फँटसी, कार्टून वेगळं. बरं म्हणाली. मग घरमालकांबद्दल काहीतरी सांगायला लागली. मी इंट्रो रेकॉर्ड करत होतो. हाताच्या खुणेनंच गप्प केलं. बायकोला टायमिंगचा सेन्स नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.
पहिला भाग. माझी लेक सई आणि मी, सोफ्यावर, एका चादरीत. ती पहिलीत असल्यापासूनची पद्धत. आता ती सहावीत, चादर पुरत नाही. मी ओढून घेतो.

तेजोवनात सूर्य उगवत नाही, झाडंच उजेड देतात. राणी वीरजा ती झाडं जपते, काळकेतू तोडायला येतो, आणि धूमल ड्रॅगन राणीच्या बाजूनं लढतो. एवढं कळलं की झालं. आज अंधारात एकेक पान पेटत जातं तो सीन सुंदर. बाकी अर्धा भाग 'मागील सीझनमध्ये काय घडलं' यातच गेला. पुढच्या अर्ध्यात काही घडलं नाही.

व्हिडिओ बाल्कनीत शूट केला. मागे कुकरच्या शिट्ट्या आल्यात. वास्तववादी वाटतात, ठेवल्या.

५ ऑक्टोबर.
व्ह्यूज कमी. पण दर्जेदार.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.
दुसऱ्या भागात धूमलची एंट्री. काय ते उडणं! मी व्हिडिओत म्हटलं, हा ड्रॅगन उडत नाही, याला कोणीतरी हात धरून रस्ता क्रॉस करून देतंय. सिमेंटच्या गोणीला पंख लावले तर ती याच्यापेक्षा बरी उडेल. ज्यानं हा काढला त्यानं आयुष्यात फक्त पाल पाहिली असणार, तीही ट्यूबलाइटच्या मागची.

पंख देवळाच्या खांबातून आरपार जातो, हे सईनं पकडलं. व्हिडिओत ते 'माझं एक सूक्ष्म निरीक्षण' म्हणून घातलं. टीमवर्क.

११ ऑक्टोबर.
व्हिडिओ पळतोय! सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. ऑफिसात दिनानाथ सरांनी केबिनमध्ये बोलावून सिमेंटच्या गोणीचा डायलॉग पुन्हा म्हणायला लावला. नोकरी सोडायचा विचार गंभीरपणे केला. गीतांजलीला सांगितलं. तिनं ऐकून डाळीला फोडणी दिली.

१२ ऑक्टोबर, रविवार.
जिन्यात गोटीरामशेठ भेटले. आमचे घरमालक, मूळचे इथलेच, बोनकोडे गावचे. पूर्वी शेती, आता बिल्डिंग. खाली ते राहतात, वर आम्ही भाडेकरू. म्हणाले, "साहेब, तुमचा विडिओ पायला. सगली घरान बसून पायला." मी नम्रपणे मान झुकवली. मग म्हणाले, "त्यो डॅगन आमचे सोनलनं केलाय. ती महापेला टुडिओन हाय ना."

हसले नाहीत.

मी शांत राहिलो. फक्त आमचा मजला सोडून थेट गच्चीवर गेलो. तिथे काही काम नव्हतं.

गीतांजली सगळं ऐकून म्हणाली, "नोव्हेंबरअखेर अ‍ॅग्रीमेंट संपतंय, अभिराम." मी म्हटलं, समीक्षक असल्या गोष्टींना घाबरत नाही. ती म्हणाली, समीक्षक कुठे राहतो ते तरी त्याला माहीत असावं. पुढेही काही बोलत होती. मी विचारात होतो.

१३ ऑक्टोबर.
नवा संकल्प. निर्भीड म्हणजे निर्दय नव्हे. दुसरा भाग पुन्हा पाहिला. डोळे बारीक केले की धूमल बराच बरा उडतो. जड वाटतो, पण ते त्याच्या मनावरचं ओझं असू शकतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार.
तिसऱ्या भागात धूमल दिसतच नाही. लढाई डोंगरामागे. इकडे राणी उभी, तिकडून धूर येतो, आवाज येतो, संपलं. सई म्हणाली, "बाबा, यांनी ड्रॅगन काढलाच नाही. नुसता धूर आहे." तिला संयत अभिव्यक्ती म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

व्हिडिओचं शीर्षक : 'धूर हाच अभिनय'. त्यात म्हटलं, न दाखवलेला ड्रॅगन हा दाखवलेल्या ड्रॅगनपेक्षा मोठा असतो. हे वाक्य शेठना व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःहून पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. भारावले असतील.

२१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.
फराळाचं ताट घेऊन शेठकडे गेलो. मुद्दाम मीच. सोनल स्टुडिओतच होती, दिवाळीतही काम. शेठ, त्यांची बायको गोजराबाई आणि मुलगा धनेश घरात. मी ड्रॅगनची शास्त्रीय स्तुती केली. खवले, शेपूट, नाकपुड्यांमधला करुण भाव. धनेश फोनवर हळू आवाजात कोणाशी तरी लाडात बोलत होता. शेठ टीव्ही बघत होते. गोजराबाईंनी मध्येच विचारलं, "त्यो डॅगन मेला का?" म्हटलं, नाही नाही, जिवंत आहे! म्हणाल्या, "मग एवरा कशाला रडताव? चकली खा."

मोकळं वातावरण. अ‍ॅग्रीमेंटचं काम झालंच समजायचं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.
चौथा भाग. फ्लॅशबॅक, त्या फ्लॅशबॅकमध्ये आजोबा, आजोबांना आठवलेला फ्लॅशबॅक. धूमल पहिल्यांदा बोलला. आवाज पुढचं स्टेशन सांगणाऱ्या बाईचा वाटतो. मी 'काळाच्या पलीकडचा भाग' म्हटलं. पाचपैकी पाच स्टार.

२५ ऑक्टोबर.
व्हिडिओखाली कोणी अस्मिता नावाच्या बाईनं कमेंट लिहिली, 'दादा, तुम्ही विकले गेलात का?' संताप आला. मला कोणीही काहीही दिलेलं नाही. साधं अ‍ॅग्रीमेंटही अजून नाही. ब्लॉक केलं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार.
पाचवा भाग.

लढाई नाही, राणी नाही, ड्रॅगन नाही. नुसता एक म्हातारा, वेशीच्या दाराचा राखणदार. मुलगी उजेड शोधायला जंगलात गेलीय, हा दाराशी बसून राहतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देतो. दार कोणी लावू म्हटलं तर नको म्हणतो. शेवटी ती येते, पण याला आता दिसत नाही. तिच्या हाताला हात लावून म्हणतो, किती गार पडलेत गं, उन्हात बस. आणि तिथे तर ऊनच नसतं.

सई रडली. मीही. म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलंय. ती म्हणाली, माझ्याही गेलंय. आणि तिची अर्धी चादर माझ्यावर टाकली.

१ नोव्हेंबर.
अडचण. या भागात धूमल नाही. याला चांगलं म्हटलं, तर ड्रॅगन नसला की सीझन सुधारतो असा अर्थ निघेल. शेठ काही खुळे नाहीत.

व्हिडिओ केला : 'ड्रॅगनविना भाग म्हणजे मिठाविना वरण'. म्हातारा कंटाळवाणा आहे, चेहरा सुकवलेल्या बोंबलासारखा आहे, असं म्हटलं. बोंबलाचं लोकांना आवडलं. व्ह्यूज पुन्हा वर.

सईनं व्हिडिओ पाहिला. म्हणाली, "पण तू तर रडलास." तिला पब्लिक ओपिनियन आणि प्रायव्हेट ओपिनियनमधला फरक सांगितला. ऐकून घेतला आणि होमवर्क करायला गेली. रविवार असूनही, म्हणजे शनिवार असूनही. तारखांचा गोंधळ होतोय. स्ट्रेस आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
सहावा भाग एकट्यानं पाहिला. सई म्हणाली, अबोलीकडे बघते. अबोली तिची वर्गातली मैत्रीण, समोरच्या बिल्डिंगमध्ये. त्यांचा टीव्ही आमच्यापेक्षा लहान आहे, हे तिच्या लक्षात आणून दिलं. तरी गेली.

चादर आज पूर्ण मिळाली. भागात काय झालं ते नीट आठवत नाही. उत्कृष्ट होता, असा व्हिडिओ टाकला.

९ नोव्हेंबर, रविवार.
पार्किंगमध्ये सोनल भेटली. एकदाची! तिची स्कूटी, माझी भाजीची पिशवी. वाटलं होतं कोणी मोठी आर्टिस्ट असेल. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पायात स्लिपर. मी नाकपुड्यांमधल्या करुण भावापासून सुरुवात केली. तिनं थांबवलं.

म्हणाली, "दादा, तुमचा तो गोणीवाला व्हिडिओ आमी स्टुडिओत स्क्रीनवर लावला होता. सगळे हसून मेले. आमी तेच बोंबलत होतो ना! उडायच्या सीनला टाइमच नव्हता दिला. मी तो व्हिडिओ बॉसला दाखवला, तेव्हा कुठे शेवटच्या भागासाठी टाइम वाढवून मिळाला."

मी म्हटलं, समीक्षकाचं कर्तव्यच ते.

म्हणाली, "मग तुमी धुराचा टाकला. बॉसनं तो सगळ्यांना मेल केला. बोलला, बघा, याच माणसाला धूर आवडला. टाइम कॅन्सल. आता शेवटच्या भागातपण धूरच आहे."

मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

विचारलं, पण ड्रॅगन तर तुमचाच? शेठ म्हणाले होते. ती हसली. "पप्पा कायपण बोलतात. ड्रॅगनवर अख्खी टीम आहे, मी नुसती शेपटी करते. माझं खरं काम म्हणजे तो पाचव्या भागातला म्हातारा. चेहरा पूर्ण माझा. आमचा आजा मिठागरात कामाला जायचा, त्याचे फोटो बघून केला."

काही बोलायला हवं होतं. मी म्हटलं, बोंबील हा आपल्याकडे अत्यंत प्रिय मासा आहे.

तिनं हेल्मेट घातलं.

१० नोव्हेंबर.
ऑफिसात एकही झाकण रिजेक्ट केलं नाही. दिनानाथ सर लाइनवर बघायला आले. ताप आहे म्हटलं.

पाचव्या भागाचा व्हिडिओ डिलीट करावा का? नको. लोक म्हणतील दबावाला बळी पडला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
सातवा भाग लावला. मध्येच बंद केला. व्हिडिओ नाही. आवाज बसलाय असं चॅनेलवर लिहिलं. काळजी करणारी एकही कमेंट नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार.
धीर करून शेठकडे गेलो. अ‍ॅग्रीमेंट रिन्यू करू म्हटलं. चुकलो असेन तर माफ करा, कलेत मतभेद होतात, वगैरे. शेठ माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "कसले मतभेद? आवो साहेब, धनेशचा लगीन हाय. वरची खोली त्याला द्याची. गनपतीनच ठरलं. तुमचे बायकोला तवाच सांगला ना मी."

वर आलो. गीतांजलीला विचारलं, मला का नाही सांगितलंस? तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हात वर करून, तळवा पुढे धरून, गप्प राहायची खूण केली. अगदी माझ्यासारखी. मग म्हणाली, तीनदा सुरुवात केली होती. ऐरोलीत फ्लॅट बघून ठेवलाय, चावी शनिवारी मिळेल.

म्हणजे शेठ माझ्यावर कधी चिडलेच नव्हते. ते हसले नाहीत, कारण मुळात ते कमी हसतात.

म्हणजे मी धुराची स्तुती फुकट केली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
शेवटचा भाग. संध्याकाळी शेठनी सगळ्या बिल्डिंगला घरी बोलावलं, सोनलचं काम बघायला. जाणार नव्हतो. सई तयार होऊन दाराशी उभी राहिली, म्हणून गेलो. ती थेट सोनलशेजारी जाऊन बसली. मला मागे प्लास्टिकची खुर्ची.

राणी वीरजा डोंगरावर उभी. काळकेतू समोर. धूमल येणार, येणार, येणार. धूर आला. धूर वाढला. धुरातून आवाज आला, 'मी आलो आहे.' मग धूर गेला. काळकेतू पडलेला. समाप्त.

लाइट लावले. सोनल नखं बघत होती. शेठ वळून मला म्हणाले, "बोला साहेब. तुमी तं निर्भीड." सगळी खोली वळली. सईसुद्धा.

मी तोंड उघडलं. चांगला म्हणावं तर सोनल समोर, वाईट म्हणावं तरी सोनल समोर. तेवढंच असतं तरी निभावलं असतं. पण मी मनात शोधलं, मला स्वतःला काय वाटलं, आणि तिथे काहीच नव्हतं. बघताना मी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडेच बघत होतो.

म्हटलं, "आधी तुम्ही सांगा, तुम्हाला कसा वाटला?"

गोजराबाई म्हणाल्या, "मना बाय झोप लागली."

हशा पिकला. सोनल सगळ्यात जास्त हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही मोठ्यानं हसलो. अगदी हेच मला म्हणायचं होतं.

जिन्यात सईनं विचारलं, "बाबा, खरंच कसा वाटला?" म्हटलं, उद्या व्हिडिओत सांगतो. ती म्हणाली, "व्हिडिओत नको. मला सांग ना." आणि पायरीवर थांबली.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. मग ती वर गेली.

खोक्यांमध्ये बसून हे लिहितोय. अजून विचार करतोय.