दोन स्विचबोर्ड आणि एक बॅटरी

मी, ऊड्वार हेल्गे शेइदे, वय ७९, राहणार हारेइद, जहाजांच्या वीजव्यवस्थेचे आराखडे काढण्यात हयात घालवलेला, पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मुलगी "बाबा, एकदाचं लिहा" असे तीनदा म्हणाली, ते धरत नाही.

१. घर मुलगी रांगहिल्ड हिला. घरात पाण्याचे बंब दोन, मीटरपेट्या दोन, चुली दोन. एक बिघडले तर दुसरे हवे, हा माझा धंद्यातला नियम. "मग बायको तेवढी एकच कशी केलीत?" असे माझी बायको, मारित, विचारायची. ती गेल्यावर तिच्या जागी काहीच चालले नाही, हे तिला सांगायचे राहिले.

२. शिडी शेजारच्या क्नुटला. तशीही नऊ वर्षे त्याच्याकडेच आहे. होडी नातवाला; तिच्या दोन बॅटऱ्या त्याने एकत्र जोडल्या, तर होडी क्नुटला.

३. मेहुणा आस्ब्यर्न वार्तदाल याला काहीही नाही. ज्याला काही मिळते त्याला आमच्याकडे साक्षीदार होता येत नाही, आणि मला साक्षीदार तोच हवा आहे. त्याने सही करण्यापूर्वी पुढचे सगळे वाचावे.

४. १९८६ साली आमच्या गोदीचे नवे जहाज चाचणीच्या फेरीत खडकांपासून तीनशे मीटरवर ठार अंधारात गेले. जनित्रे दोन, स्विचबोर्ड दोन, सगळे वेगवेगळे. पण दोन्हीकडचे ब्रेकर, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे खटके, चालवणारी छोटी बॅटरी एकच. जागा वाचवायला आराखड्यात मीच ती एकच दाखवली होती. ती बसली आणि दोन्ही बाजू बसल्या. वेळेवर नांगर टाकला म्हणून चाळीस माणसे वाचली.

त्याच संध्याकाळी मी कचेरीतला मूळ आराखडा घरी नेला आणि त्याच्या जागी दोन बॅटऱ्या दाखवणारा ठेवला. मग ठपका आला तारा जोडणाऱ्या आस्ब्यर्नवर. "कागदावर होतं तसंच जोडलं," एवढेच तो चौकशीत म्हणाला. मी समोर बसून कॉफी ढवळत होतो. तिच्यात साखरही नव्हती. त्याची नोकरी गेली, मला बढती मिळाली. पुढे तो खारवलेल्या माशांच्या गोदामात शीतयंत्रे दुरुस्त करीत राहिला. दर नाताळला तो मटणाच्या वाळवलेल्या बरगड्या पाठवतो आणि दर नाताळला मी त्याला फक्त आभाराचे कार्ड पाठवतो. मी भेकड होतो आणि मला त्याची लाज वाटते.

५. एका बॅटरीचा मूळ आराखडा सोबत जोडला आहे. मी गेल्यावर रांगहिल्डने तो गोदीच्या कॅन्टीनमध्ये लावावा, ठपक्याचा कागद लागला होता त्याच फळ्यावर. माझ्या हयातीत नको. माझी हिंमत तेवढीच आहे.

हारेइद, ४ मार्च २०१९
ऊड्वार हेल्गे शेइदे (सही)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली:

१. तुरा स्ट्रांडे, ग्रंथपाल (सही)

२. आस्ब्यर्न वार्तदाल (सही). सगळं वाचलं. दाजी, तुम्ही मरेपर्यंत थांबायला मला सवड नाही, मी ब्याऐंशीचा आहे. उद्या साडेअकराला कॅन्टीन जेवणाऱ्यांनी भरलेलं असेल. अकराला गाडी घेऊन येतो. फळा राहू द्या, तोंडाने सांगा. मी शेजारी उभा राहीन.