कपाळ टेकायची रीत

३ एप्रिल
बुसानच्या फिल्म कॉलेजात आले आणि पहिल्याच आठवड्यात ग्यूहोदादाच्या लघुपटात सहायक म्हणून माझी वर्णी लागली! दादा शेवटच्या वर्षाचा, आवाज असा की खिडक्या हादराव्यात. नायक दानू माझ्याच वर्गातला. एरवी लाजाळू, कॅमेऱ्यापुढे वेगळाच. त्यानं मला डुकराच्या मटणाचं सूप आणि भात खाऊ घातला. शूटिंग बंदराजवळच्या रिकाम्या गोदामात. मी भलतीच खूश आहे.

५ एप्रिल
आज मुहूर्त. इथली रीत अशी, की विघ्न टळावं म्हणून देवापुढे डुकराचं हसरं डोकं मांडायचं, जमिनीला तीनदा कपाळ टेकायचं, मगच कॅमेरा सुरू करायचा. दादा म्हणाला, डोक्याला वास मारतो, आणणार कोण? त्यानं टॅबलेटवर डुकराचं चित्रच लावलं. दानू कुरकुरला, देवाला असं फसवू नये म्हणे.

"आजीबाई, देवसुद्धा आता ऑनलाइन असतात," दादा म्हणाला. सगळे खिदळलो. कपाळ कुणी टेकलंच नाही.

८ एप्रिल
मारामारीचा प्रसंग. रबरी सुरीनं दानूचा तळहात हाडापर्यंत कापला. सुरी मी स्वतः वाकवून पाहिली होती! मी "कट" म्हणून ओरडले तर दादा माझ्यावरच खेकसला, रक्त झकास दिसतंय म्हणे. एवढं शिकले, की चांगल्या शॉटपुढे माणूस दिसेनासा होतो.

९ एप्रिल
दिव्याचा स्टँड आपसूक कोसळला. दिवे सांभाळणाऱ्या मिन्सोचा जबडा फुटला. दात मी वेचले. आता दादाही टरकलाय. उद्या खरं डोकं आणतो म्हणाला.

१० एप्रिल
डोकं मांडलं. दादानं कपाळ टेकलं, उठला. पुन्हा टेकलं. मग थांबेचना. सिमेंटवर आपटतच सुटला. मी आणि दानू ओढत होतो आणि तो रडत होता, "मी नाही करत रे, धरा मला!"

कवटी फुटली. त्यानंतरही तो आपटत राहिला—

११ एप्रिल
पोलीस म्हणाले, दादाला फिटचा झटका आला असेल. दानू माझ्या खोलीवर आहे. तोही वाकतोय. खाली उशी सारली, ती त्यानं भिरकावली. मिठीत आवळून धरलंय. म्हणतो, "सोडू नकोस गं, पाठ माझं ऐकत नाही."
दानूला मरू देणार नाही.

१२
दानूला पट्ट्यांनी खोलीतल्या खांबाला बांधलाय. उभाच. झोपला एकदाचा. वाचला! वाचवलं मी त्याला—

माझे गुडघे टेकलेत. मी नाही टेकले.
मला धरायला कुणी मोकळं नाही—
फरशी गार आहे. एकदा झालं. डोळ्यांत रक्त—
दानू जागा झालाय, पट्टे ओढतोय, माझं नाव घेऊन ओरडतोय. त्याला सांगायचंय, बघू नकोस, पण डोकं वर—