लहान मापाचं जॅकेट

३ मार्च, सोमवार
ह्यांचा गुडघा प्लॅस्टरमध्ये. तीन आठवडे जिना उतरायचा नाही. शुक्रवारी बोटीची वार्षिक तपासणी, म्हणजे बोटीवरचं सामान बघायचं काम माझ्या गळ्यात. बोट सहा वर्षांत धक्क्यावरून हललेली नाही. तरी दर वर्षी तपासणी, दर वर्षी नवा शिक्का. पलंगावरून यादी सांगितली, मी लिहून घेतली. दोन पानं!

४ मार्च
धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ. शेजारच्या बोटीवरच्या मिस्त्रीने हात दिला. ‘काका तर जॅकेटांची एकेक शिट्टी फुंकून बघतात,’ म्हणाला. मग मीही फुंकल्या. वाजल्या.

आग विझवायचा सिलिंडर — काटा हिरव्यात. दोर ठीक. संकटात पेटवायची लाल नळकांडी सहा, त्यातल्या चारांची मुदत संपलेली. पाणी उपसायचा डबा आमच्या घरातल्या भांड्यांपेक्षा स्वच्छ.

पुढच्या खणात मोठ्यांची लाइफ जॅकेटं. त्यांच्याखाली लहान मुलांची चार, पिशव्याही न फोडलेली. पंधरा किलोपर्यंत, वीसपर्यंत, तीसपर्यंत, चाळीसपर्यंत. ही यादीत नव्हती.

‘नातीची ना?’ मिस्त्री म्हणाला. ‘काका सांगत होते, पोर भराभर वाढतेय.’

हो म्हटलं. नातीला आम्ही सहा वर्षांत पाहिलेलं नाही.

५ मार्च
नवी नळकांडी आणली. जुनी दुकानदाराने ठेवून घेतली — कचऱ्यात टाकायची नसतात म्हणे.

६ मार्च
ह्यांना जॅकेटांबद्दल विचारलं. ‘वजन अंदाजाने धरतो,’ म्हणाले. ‘आली कधी, तर मापाचं नाही असं व्हायला नको.’ आणि पेपर उघडला.

सहा वर्षांपूर्वी नात दोन वर्षांची होती. हे, मुलगा आणि ती, पाण्यातल्या तरंगत्या बोयापर्यंत चक्कर मारायला गेले. ह्यांनी खण उघडला, तिचं जॅकेट नव्हतं. जवळच तर जायचंय, म्हणून तसेच निघाले. मोठ्या लाँचची लाट आली आणि पोरगी पाण्यात. मुलाने उडी टाकून काढली. तीन दिवस हॉस्पिटल. वाचली.

सुनेने एवढंच विचारलं, ‘जॅकेट कुठे होतं?’ हे म्हणाले, ‘मी घरी विसरलो.’ त्यानंतर तिने आमचा उंबरा ओलांडला नाही. मुलाचा फोन येतो, वाढदिवसाला.

७ मार्च
तपासणी झाली. दहा मिनिटांत शिक्का. तपासनीस म्हणाला, ‘सगळ्यांच्या बोटी अशा असत्या तर माझी नोकरी गेली असती.’ ह्यांना सांगितलं. किती खूश झाले! मला जेवण गेलं नाही.

८ मार्च
हे विसरले नव्हते.

जॅकेटवर नातीने दूध सांडलं होतं. आदल्या दिवशी मीच ते बोटीवरून आणलं, धुतलं, मागच्या दोरीवर टाकलं. सांगायचं राहून गेलं. हॉस्पिटलमधून मी सगळ्यांच्या आधी घरी आले आणि ते दोरीवरून काढून कपाटात, चादरींच्या खाली ठेवलं. पुढे एका सकाळी कचऱ्याच्या गाडीत. मला कोणी काही विचारलं नाही. मी सांगितलं नाही. ह्यांना वाटत राहिलं, आपणच कुठेतरी ठेवून विसरलो.

आज पहिल्यांदाच लिहिलं.

९ मार्च
चहा देताना ह्यांना सांगितलं. सगळं.

प्लॅस्टरवर बोट फिरवत बसले. मग विचारलं, ‘वाळलं होतं का?’

‘वाळलं होतं.’

‘म्हणजे सकाळी नेता आलं असतं.’

‘हो.’

चहा तसाच गार झाला. उठताना म्हणाले, ‘सुनेला मी सांगणार नाही. तू सांग.’ कुबडी मी पुढे केली. ह्यांनी माझा हात सारून स्वतःची स्वतः घेतली.

११ मार्च
सुनेला फोन केला. सांगितलं. शेवटी, ‘ठेवते, आई.’

१४ मार्च, शुक्रवार
सुनेचा फोन. रविवारी येतेय, नातीला घेऊन. बाबांची माफी मागायची आहे म्हणाली. मी म्हटलं, ये गं, मी स्वयंपाक करते. मग म्हणाली, ‘आई, तुम्ही तेव्हा घरी नसाल तर बरं.’

रविवारी मी बहिणीकडे जातेय.